ऊब हवीय? आधी लाकूड वाजवून बघा!

जानेवारीत कुलू-मनालीकडे ट्रेक किंवा ‘वर्केशन’चा बेत शिजतोय? आणि हॉटेलऐवजी एखाद्या जुन्या लाकडी घरातला होमस्टे हवाय? मग तिथे खोलीत पत्र्याची एक शेगडी दिसेल. वर किटली आणि छताबाहेर गेलेलं धुराडं. तिकडे तिला ‘तंदूर’ म्हणतात. नाही, रोटीवाला नव्हे! काश्मीर-लडाखमधली ‘बुखारी’ ही तिचीच बहीण.

तिथली जुनी घरं ‘काठ-कुणी’ पद्धतीची. भिंतीत देवदाराचं लाकूड आणि दगड यांचे एकाआड एक थर, बुटकी दारं, खाली गुरं आणि वर माणसं. असं घर ऊब धरून ठेवतं. पण ती द्यायची तंदूरनेच आणि तंदूरची सगळी मदार सुक्या लाकडावर.

ओलं सरपण चुलीत सारलं की काय होतं, ते गावाकडच्या आजीला विचारा! ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. म्हणजे दहा किलोच्या मोळीत पाच लिटर! आधी ते पाणी उकळून जाणार, मग तुम्हाला ऊब. तोवर लाकूड नुसतं धुमसतं आणि धुराड्यात डांबरासारखी काजळी साचते. ती कधीतरी पेट घेते. घर लाकडाचं असताना हे किती महागात पडेल, विचार करा. २००८ मध्ये आगीत मलाणा गावातली कितीतरी घरं खाक झाली होती.

म्हणूनच आपल्याकडे पावसाळ्याआधी सरपणाची बेगमी होते, तशी तिकडे बर्फाआधी. लाकूड फोडून, वारा लागेल असं रचून, वरून झाकून ठेवायचं. नीट सुकायला सहा महिने ते दोन वर्षं लागतात. ओलावा २० टक्क्यांच्या आत आला की काम फत्ते.

सुकं लाकूड कसं ओळखाल?
- टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल सहज सुटते.
- आकाराच्या मानाने हलकं लागतं.
- दोन तुकडे एकमेकांवर आपटा. ‘टण’ वाजलं तर सुकं, ‘बद्द’ वाजलं तर ओलं.

हे विसरू नका
- आधी बारीक ढलप्या पेटवा, हवेची झडप उघडी ठेवा. मोठे तुकडे नंतर.
- रात्रभर आग टिकावी म्हणून झडप पूर्ण बंद करू नका. खिडकीची फट उघडी राहू द्या.
- प्लॅस्टिक, रंगवलेलं लाकूड तंदूरमध्ये टाकू नका.
- बंद खोलीत कोळशाची उघडी शेगडी ठेवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर लगेच बाहेर पडा आणि इतरांनाही उठवा.

आणि हो, होमस्टेवाल्या काकांनी मोळीचे वेगळे पैसे मागितले तर घासाघीस करू नका. तुम्ही दोन तासांत जाळता ते लाकूड त्यांनी वर्षभर पावसा-बर्फापासून जपलेलं असतं.