संदर्भ हा निबंधाचा पत्ता असतो

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये शोधल्या गेलेल्या ‘हॅमायसिन’ या बुरशीनाशक औषधावरचा पहिला निबंध १९६१ साली छापून आला, तो कंपनीच्याच ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’मध्ये. वैद्यकीय नियतकालिकात त्याचा संदर्भ असा येईल : थिरुमलाचार एमजे, मेनन एसके, भट्ट व्हीव्ही. मग निबंधाचे शीर्षक. मग हिंदुस्तान अँटिबायोट बुल. १९६१;३:१३६–८. या एका ओळीत लेखक, नियतकालिक, साल, खंड आणि पाने सगळे आले. जगाच्या दुसऱ्या टोकाचा अभ्यासक पिंपरीत कधीही न येता नेमक्या त्या पानावर पोहोचू शकतो.

संदर्भाचे काम एवढेच, आणि ते फार मोलाचे आहे. तरीही आपल्याकडे संदर्भसूची ही ‘शेवटच्या रात्री उरकायची गोष्ट’ झाली आहे. आकुर्डी-निगडीच्या महाविद्यालयांतले प्राध्यापक असोत, चाकणच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून पीएच.डी. करणारे इंजिनिअर असोत की पिंपरीतले निवासी डॉक्टर, तेच तेच समज सगळीकडे ऐकू येतात.

गैरसमज : शास्त्रीय लेखनाची संदर्भ देण्याची एकच ‘बरोबर’ पद्धत असते.

अशी एक पद्धत नाही. वैद्यकीय नियतकालिकांची क्रमांकांची पद्धत व्हँकुव्हरच्या नावाने ओळखली जाते, कारण जानेवारी १९७८ मध्ये काही संपादक त्या शहरात जमले आणि सर्वांसाठी समान नियम ठरवू लागले. अभियांत्रिकीत आयट्रिपलईची चौकोनी कंसातल्या आकड्यांची रीत चालते, तर मानसशास्त्र आणि व्यवस्थापनात एपीएची, म्हणजे मजकुरातच लेखकाचे नाव आणि साल देण्याची. हॅमायसिनच्या निबंधाचे साल व्हँकुव्हरमध्ये नियतकालिकाच्या नावानंतर येते, एपीएमध्ये थेट लेखकांच्या नावांनंतर. निबंध तोच, फक्त पत्ता लिहिण्याचा क्रम वेगळा. तेव्हा ‘मित्राने दिलेला फॉरमॅट’ बाजूला ठेवा. ज्या नियतकालिकाला निबंध पाठवायचा, त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचा आणि त्यातलाच ताजा छापील निबंध शेजारी उघडून बसा. हा दुसरा उपाय मला पहिल्यापेक्षाही खात्रीचा वाटतो. सूचनांत जे राहून जाते ते छापील पानावर दिसते.

गैरसमज : स्वल्पविराम चुकला की पेपर परत येतो.

अनेक मोठे प्रकाशक आता पहिल्या वेळी कोणतीही सुसंगत पद्धत चालवून घेतात. अंतिम मांडणी निबंध स्वीकारल्यावर होते. मात्र सूचीत दहा संदर्भ एका रीतीचे आणि पाच दुसऱ्या रीतीचे असले की परीक्षकाला बाकीच्या कामाबद्दलही शंका येते.

गैरसमज : झोटेरो, मेंडेले किंवा एंडनोट वापरले की काम झाले.

ही साधने उत्तम आहेत, नवशिक्याने ती पहिल्या दिवसापासून वापरावीत. पण साधन मांडणी करते, माहितीची तपासणी करत नाही. त्यात जे ओतले तेच सूचीत उतरते. सगळ्यात मोठी गडबड आपल्या नावांची होते. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. दक्षिणेकडच्या अनेक नावांत मात्र शेवटचा शब्द आडनाव नसून त्या व्यक्तीचे स्वतःचे नाव असते आणि आद्याक्षरांत गाव किंवा वडील असतात. नोंद आयात होताना यांची सरमिसळ झाली, तर एकच संशोधक तीन वेगवेगळ्या नावांनी फिरत राहतो आणि त्याचे श्रेय तीन जागी विखुरते. सूक्ष्मजीवांच्या नावांची तिरपी अक्षरेही बऱ्याचदा आयातीत सरळ होतात, ती हाताने दुरुस्त करावी लागतात.

गैरसमज : जुने नाव बदलले असेल तर संदर्भातही सुधारून घ्यावे.

शीर्षक छापले तसेच ठेवायचे. थिरुमलाचार यांनी १९५५ साली ‘नेचर’मध्ये ‘चेनिया’ या नव्या प्रजातीचे वर्णन केले. पेनिसिलिनच्या संशोधनात नोबेल मिळवणारे अर्न्स्ट चेन यांच्यावरून ते नाव आले. पुढे १९८६ मध्ये चेनियाच्या जाती स्ट्रेप्टोमायसिसमध्ये सामावल्या गेल्या. आज मजकुरात स्ट्रेप्टोमायसिस लिहावे, पण सूचीत ‘चेनिया’च राहील. तीच गोष्ट नियतकालिकांची. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या वैद्यकीय नियतकालिकाच्या शीर्षकात आधी ‘युनिव्हर्सिटी’ होते, आता ‘विद्यापीठ’ आहे. जुन्या अंकातला लेख जुन्याच नावाने द्यावा लागतो.

गैरसमज : डीओआय (निबंधाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) नाही म्हणजे संदर्भ कमअस्सल.

निबंधांना डीओआय देणारी क्रॉसरेफ ही संस्था २००० साली सुरू झाली. त्याआधीच्या असंख्य निबंधांना डीओआय नाही, म्हणून ते खोटे ठरत नाहीत. वाहन उद्योगात तर अनेकदा मानकाचाच संदर्भ द्यावा लागतो. अशा वेळी, उदाहरणार्थ बॅटरीच्या मानकासाठी, नुसते ‘एआयएस-१५६’ लिहून भागत नाही. कोणत्या सालचे, कोणत्या दुरुस्तीसह, हे हवे. बॅटरीच्या चाचणीचे निकष दुरुस्तीगणिक बदलतात आणि वाचणारा इंजिनिअर त्या आकड्यांवर काम करणार असतो.

गैरसमज : दुसऱ्याच्या सूचीतून संदर्भ उचलला तर बिघडते कुठे?

बरेच बिघडते. सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी २००३ मध्ये सूचींमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या छपाईच्या चुका मोजल्या आणि अंदाज मांडला की मूळ निबंध वाचून संदर्भ देणारे जेमतेम वीस टक्के असावेत. पानाचा चुकलेला आकडा जसाच्या तसा पुढे जातो, कारण कोणी पान उघडलेलेच नसते. याहून बोलके उदाहरण एल्सेविअर या प्रकाशनसंस्थेच्या लेखकांसाठीच्या सूचनांतले आहे. मांडणीचा नमुना म्हणून तिथे ‘व्हॅन डर गीर’ यांचा २००० सालचा एक निबंध दिला होता. तो निबंध कधी अस्तित्वातच नव्हता. तरीही सुमारे ४०० निबंधांत तो संदर्भ म्हणून आल्याचे २०१७ मध्ये दाखवून देण्यात आले. साच्यातली नमुन्याची ओळ पुसायची राहून गेली, आणि परीक्षकांनीही ती पाहिली नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अशाच नीटनेटक्या, पण अस्तित्वात नसलेल्या ओळी क्षणात लिहून देतात. स्वल्पविरामापर्यंत सगळे बिनचूक असते, म्हणूनच त्या जास्त धोक्याच्या.

गैरसमज : संदर्भ वाढले की प्लेजरिझमची टक्केवारी वाढते.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार समानता मोजताना संदर्भसूची वगळायची असते. त्या भीतीने संदर्भ कापू नयेत. पण संदर्भाचा आकडा दिला म्हणून दुसऱ्याचा परिच्छेद अवतरणचिन्हांशिवाय जसाच्या तसा घेण्याची मुभा मिळत नाही.

निबंध पाठवण्याआधी एक संध्याकाळ फक्त सूचीसाठी ठेवा. प्रत्येक ओळीतला निबंध उघडा. नाव, साल, खंड, पान जुळवून पाहा आणि तुम्ही जे म्हटले आहे ते खरोखर तिथे आहे का, तेही वाचा. जो उघडता आला नाही, तो काढून टाका.