ट्रॅकवर हौसेने गाडी पळवली आणि ठोकली, तर विमा मिळतो का?

नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी अडकलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो. गाडीच्या मीटरवर २०० चा आकडा कशासाठी छापलाय? वरून मुंबई-आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल जातो, खाली रिक्षा, एसटी आणि ट्रकची गर्दी. इथे तिसरा गिअर पडला तरी खूप झालं.

पण गाडी पळवायची हौस असलेल्यांचे रस्तेही याच चौकातून फुटतात. मुंबईकडे निघालं की इगतपुरी, जिथे महिंद्राने ऑफ-रोड ड्रायव्हिंग शिकवणारी अकॅडमी सुरू केली. पुण्याकडे निघालं की पुढे लोणावळ्याजवळची ॲम्बी व्हॅली, जिच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. त्याहून दक्षिणेला कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. खुद्द नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय रॅली स्पर्धेची 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ही फेरी झालेली आहे.

आता यात एक नवीन प्रकार आलाय, 'ट्रॅक डे'. फी भरायची, हेल्मेट घालायचं आणि रोज ऑफिसला नेतो तीच गाडी ट्रॅकवर पळवायची. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. फक्त हौस.

पण एखाद्या वळणावर गाडी सुटली आणि भिंतीवर आदळली, तर विमा कंपनी पैसे देईल का?

थोडक्यात उत्तर: देईल असं धरून चालू नका. बहुतेक वेळा क्लेम नाकारला जाण्याचीच शक्यता जास्त. पण हे उत्तर सगळीकडे सारखं नाही आणि फरक समजून घेतला तर लाखो रुपये वाचू शकतात.

पॉलिसीत नेमकं काय लिहिलंय?

आपल्याकडे खासगी कारच्या पॉलिसीची मूळ भाषा जवळपास सगळ्या कंपन्यांची सारखीच असते. ती २००२ च्या 'इंडिया मोटर टॅरिफ' मधून आली. पुढे २००७ पासून प्रीमियम ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली, पण पॉलिसीतल्या मूळ अटी बऱ्याचशा त्याच राहिल्या.

तुमची पॉलिसी उघडा आणि 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' हा भाग शोधा. गाडी कशासाठी वापरली तर विमा चालणार नाही, याची यादी तिथे असते. भाड्याने देणं, मालवाहतूक, गाड्यांच्या धंद्यासाठी वापर हे त्यात असतंच. त्यांच्याच सोबत आणखी चार गोष्टी असतात.

पहिली, ऑर्गनाइज्ड रेसिंग म्हणजे आयोजित शर्यत. दुसरी, पेस मेकिंग म्हणजे शर्यतीत पुढे राहून इतरांना वेग ठरवून देणं. तिसरी, स्पीड टेस्टिंग म्हणजे वेगाची चाचणी. चौथी, रिलायबिलिटी ट्रायल म्हणजे गाडी आणि चालक किती टिकतात याची कसोटी.

या चारपैकी एखाद्या कामासाठी गाडी वापरली जात असताना नुकसान झालं, तर कंपनीची जबाबदारी नाही, असं पॉलिसी म्हणते. यातले 'वापरली जात असताना' हे शब्द महत्त्वाचे. द्वारकेहून ट्रॅकपर्यंत जाताना सिन्नरजवळ कुणी मागून ठोकलं, तर तो साधा रस्ता अपघात. तिथे तुमचा विमा नेहमीसारखाच चालतो. प्रश्न फक्त ट्रॅकवरच्या वेळेचा आहे.

"पण मी शर्यत लावलीच नव्हती!"

ट्रॅक डेला जाणाऱ्या प्रत्येकाचा हाच मुद्दा असतो आणि तो अगदीच पोकळ नाही. 'ट्रॅकवर गाडी चालवू नये' असं पॉलिसीच्या या यादीत थेट लिहिलेलं नसतं. मग नुसत्या हौसेच्या फेऱ्यांना 'आयोजित शर्यत' म्हणायचं का?

इथे कायद्याचं एक तत्त्व ग्राहकाच्या बाजूने आहे. क्लेम नाकारताना कंपनी ज्या अपवादावर बोट ठेवते, तो लागू होतो हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवरच असते. आणि अपवादाचे शब्द संदिग्ध असतील, तर त्यांचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये 'नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध ईशर दास मदन लाल' या प्रकरणात हे स्पष्ट केलं. ते प्रकरण दागिन्यांच्या विम्याचं होतं, पण तत्त्व सगळ्या विम्यांना लागू पडतं.

मात्र कंपनीच्या हातात दुसरा शब्द असतोच, 'स्पीड टेस्टिंग'. ट्रॅक डेला लॅप टाइम मोजला, घड्याळ लावलं, वेळेचा तक्ता भिंतीवर लावला, की 'ही वेगाची चाचणीच होती' असं म्हणायला कंपनीला जागा मिळते. ड्रॅग स्ट्रिपवर तर वादच उरत नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या, हिरवा दिवा, शेवटी वेळ. त्याला शर्यत सोडून दुसरं काही म्हणता येणार नाही.

म्हणजे घड्याळ आणि स्पर्धा जितकी जास्त, तितका तुमचा क्लेम कच्चा.

रॅलीसाठी सोय आहे, शर्यतीसाठी नाही

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. टॅरिफमध्ये 'आयएमटी ३१' नावाचं एक जोड-कलम आहे. रिलायबिलिटी ट्रायल किंवा रॅलीत गाडी उतरवायची असेल तर जादा प्रीमियम भरून तेवढ्या कार्यक्रमापुरतं संरक्षण मागता येतं. कार्यक्रम कोणता, कुठे, कधी आणि कोणाच्या वतीने, हे सगळं त्यात लिहावं लागतं.

पण त्याच कलमात पुढे स्पष्ट म्हटलंय की शर्यत, पेस मेकिंग आणि स्पीड टेस्टिंग यांना हे संरक्षण लागू नाही. म्हणजे ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर कापायच्या रॅलीसाठी दार किलकिलं आहे, सुसाट पळायच्या शर्यतीसाठी बंद. हे कलम मागितलं म्हणजे कंपनी देईलच असंही नाही. त्यामुळे ते आधीच, लेखी मागावं लागतं.

ब्रिटनमध्ये एका दिवसापुरता 'ट्रॅक डे विमा' वेगळा विकत मिळतो. त्यातही भरपाईतला मोठा हिस्सा सहसा चालकालाच सोसावा लागतो. आपल्याकडे असा एका दिवसाचा विमा घ्यायची पद्धत रूढ झालेली नाही.

इगतपुरीच्या चिखलात काय?

ऑफ-रोडिंग म्हणजे शर्यत नव्हे. त्यामुळे नुसतं चिखलात किंवा खडकावर गाडी शिकायला नेली, एवढ्यावरून वरच्या यादीतलं कलम लागत नाही. पण दुसऱ्या दोन अटी आडव्या येतात.

एक, विमा अपघाताचा असतो, झिजेचा नाही. क्लच जळणं, गिअरबॉक्स तुटणं, असा यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही. फक्त टायर फाटला तरी पैसे मिळत नाहीत. गाडीलाही त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच टायरची निम्मी किंमत मिळते. दुसरं, गाडी सांभाळण्यासाठी वाजवी काळजी घेणं ही तुमची जबाबदारी आहे. समोर छातीभर पाणी दिसत असताना गाडी घातली, तर हा अपघात होता हे पटवणं अवघड जातं.

आणि गाडी अकॅडमीची किंवा आयोजकाची असेल, तर तुमच्या पॉलिसीचा प्रश्नच नाही. तिथे सही करायला दिलेल्या फॉर्मवर नुकसान कोण भरणार, हे वाचा.

दुसऱ्याला लागलं तर?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो 'सार्वजनिक जागी' गाडी वापरण्यासाठी. लोकांना येण्या-जाण्याचा हक्क नसलेल्या, बंदिस्त खासगी ट्रॅकवर ही सक्ती आपोआप लागू होत नाही. शिवाय त्याच कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला बचावाचे जे मोजके मुद्दे दिलेत, त्यात 'आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी' नावानिशी आहे.

सार्वजनिक रस्त्यावर असं झालं, तर न्यायालयं अनेकदा जखमीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतात. पॉलिसीतही वसुलीच्या हक्काचं कलम असतं. म्हणजे जखमीला पैसे मिळतात, पण शेवटी ते तुमच्या खिशातून जातात.

आणि रात्री मोकळ्या उड्डाणपुलावर मित्रासोबत शर्यत लावली, तर प्रश्न फक्त विम्याचा राहत नाही. कलम १८९ नुसार परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

"झीरो डेप घेतलंय ना!"

घेतलं असेल, पण त्याने काही बदलत नाही. झीरो डेप्रिसिएशन म्हणजे मंजूर झालेल्या क्लेममधून सुट्या भागांचा घसारा कापत नाहीत, एवढंच. मूळ क्लेमच नामंजूर झाला तर ॲड-ऑनला अर्थ उरत नाही.

हिशेब करून बघा. समजा गाडीची विमा किंमत ९ लाख आहे आणि बँकेचं ६ लाखांचं कर्ज बाकी आहे. ट्रॅकवर गाडी पूर्ण गेली आणि क्लेम नाकारला, तर विम्याचे ९ लाख येणार नाहीत, पण बँकेचे ६ लाख फेडावेच लागतील. गाडी नाही, हप्ते मात्र सुरू.

स्वतःला लागलं तर?

कारच्या पॉलिसीसोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो कारच्या पॉलिसीतून घेतला असेल, तर वापराच्या वरच्या मर्यादा त्यालाही लागतात.

आरोग्य विम्याचं मात्र वेगळं आहे. आरोग्य पॉलिसींतल्या प्रमाणित अपवादांमध्ये मोटर रेसिंगचं नाव आहे, पण तो अपवाद 'व्यावसायिक म्हणून' भाग घेणाऱ्यांसाठी आहे. हौशी माणसाचा दवाखान्याचा खर्च तेवढ्या कलमावरून नाकारता येत नाही. म्हणजे गाडीचा क्लेम गेला, तरी हाडांचा क्लेम टिकू शकतो. तुमच्या पॉलिसीतले शब्द मात्र एकदा तपासा.

"हायवेवर ठोकली म्हणून सांगू"

हा सल्ला देणारा मित्र प्रत्येकाला असतो. त्याचं ऐकू नका. सर्व्हेअर जागा विचारतो, फोटो मागतो, टोइंगची पावती बघतो. फास्टॅगच्या नोंदी असतात. आणि सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही स्वतःच टाकलेला असतो, ट्रॅकवरचं रील, खाली ठिकाणाचं नाव आणि लॅप टाइम. खोट्या माहितीवर क्लेम तर जातोच, वर फसवणुकीचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

खरं सांगितलं तर निदान भांडायला जागा राहते. २०१० मध्ये 'अमलेंदु साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वापराची अट मोडली म्हणून क्लेम पूर्ण नाकारणं योग्य नाही आणि 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने अंशतः भरपाई द्यायला लावली. अशा क्लेममध्ये ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची तरतूद त्या निकालात चर्चिली गेली. ती गाडी भाड्याने दिलेली होती, ट्रॅकवरची नव्हती. त्यामुळे तो निकाल आपोआप लागू होत नाही, पण वकिलाला सांगण्यासारखा नक्की आहे.

कंपनीने नाकारलं तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. नाशिककरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही असतोच.

निघण्याआधी हे करा

• कंपनीला ईमेल करा: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, स्पर्धा नसलेल्या कार्यक्रमात गाडी चालवणार आहे, संरक्षण आहे का? एजंटचं तोंडी 'हो' धरू नका, उत्तर लेखी घ्या.
• आयोजकाला विचारा: कार्यक्रमाचा दायित्व विमा आहे का? चालकाचा अपघात विमा आहे का? भिंत किंवा कठडा तुटला तर कोण भरणार?
• गाडीत इंजिन ट्यूनिंग किंवा इतर बदल केले असतील तर ते कंपनीला आधी कळवा.
• गाडीची वॉरंटी वाचा. शर्यतीतल्या वापराने झालेला बिघाड अनेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.
• कर्ज बाकी असलेली एकुलती एक गाडी ट्रॅकवर नेऊ नका. कार्टिंग करा किंवा आयोजकाची गाडी मिळत असेल तर ती घ्या.

आणि शेवटचा साधा हिशेब. ही गाडी उद्या भंगारात गेली आणि विम्याचा एक रुपयाही आला नाही, तर चालेल का? उत्तर 'हो' असेल तरच हेल्मेट घाला.