खाटेपासून कठड्यापर्यंत

बेने इस्राएल घराण्यांना परिचारिकेचा व्यवसाय नवा नाही. डॉ. जेरुशा झिराड (१८९१–१९८४) यांच्या पिढीपासून आपल्या कित्येक मुलींनी रुग्णसेवेचा शुभ्र गणवेश अभिमानाने परिधान केला. परंतु परिचारिका म्हणजे रुग्णाच्या खाटेशी उभी असलेली स्त्री, हे चित्र आपल्या मनात इतके दृढ झाले आहे की, एखादीने वॉर्ड सोडला असे कळताच ‘तिने नर्सिंग सोडले’ असे आपण सहज म्हणून टाकतो. हे म्हणणे अन्यायाचे आहे. ते कसे, हे सिंगापूरच्या तुआस विभागावरून स्पष्ट होईल.

सिंगापूर म्हटले की आपल्या वाचकांना वॉटरलू स्ट्रीटवरील १८७८ चे मागेन आबोथ सिनेगॉग आठवेल. तुआस त्या गजबजलेल्या शहरापासून दूर, बेटाच्या पश्चिम टोकाला आहे. तेथील बरीचशी जमीन समुद्रात भराव घालून निर्माण केलेली आहे. जहाजदुरुस्तीच्या गोद्या, रसायनांचे व औषधांचे कारखाने, १ सप्टेंबर २०२२ रोजी औपचारिक उद्घाटन झालेले नवे बंदर आणि परदेशी कामगारांची प्रचंड वसतिगृहे, असे त्याचे स्वरूप. भारतातून व बांगलादेशातून आलेले हजारो तरुण येथे घाम गाळतात.

अशा ठिकाणी कामगार-आरोग्याचे काम करणाऱ्या परिचारिकेपुढे निजलेले रुग्ण नसतात. हेल्मेट काखेत घेऊन उभे असलेले धडधाकट पुरुष असतात. उदाहरणार्थ, गोंगाटाचा प्रश्न घ्या. सिंगापूरच्या २०११ च्या नियमांनुसार आठ तासांच्या पाळीत सरासरी ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज चालतो. तो ८८ झाला की मुभा चार तासांवर येते, ९१ झाला की दोनच तासांवर. पोलादावर घण पडत असता कामगाराला हे अंक कोण सांगणार? बहिरेपण हळूहळू येते. श्रवणचाचणीच्या आलेखात बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपास प्रथम खळगा पडतो, आणि माणसाला मात्र बोलणे नीट ऐकू येतच असते. तो स्वतः तक्रार घेऊन येतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते, कारण अंतर्कर्णातील मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. तो खळगा वेळीच ओळखणे, डॉक्टरांच्या नजरेस आणणे आणि कानातील बोळे नीट बसतात की नाही हे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन पाहणे, ही शुश्रूषाच नव्हे काय?

हा मार्ग आजचा नाही. सिनेगॉग उभे राहिले त्याच १८७८ साली इंग्लंडमध्ये नॉर्विच येथील कोलमन यांच्या मोहरीच्या कारखान्यात फिलिपा फ्लॉवरडे कामगारांच्या परिचारिका म्हणून रुजू झाल्या. कारखान्यात डॉक्टरांना साहाय्य करावे आणि आजारी कामगारांच्या घरी जावे, असे त्यांचे काम होते.

तथापि हे काम सोपे आहे, असे कोणी समजू नये. रात्रपाळी बहुधा सुटते, क्वचित शब्बाथची सायंकाळही घरी लाभते. पण त्याबरोबर एक नवे ओझे येते. वॉर्डातील रुग्ण दुखणे सांगतो. येथील कामगार ते लपवितो. परदेशी येण्यासाठी कर्ज काढलेल्या माणसाला ‘अपात्र’ हा शब्द रोगाहून भयंकर वाटतो. परिचारिकेचा पगार कंपनी देते, आणि विश्वास मात्र कामगाराचा मिळवावा लागतो. त्याची खासगी माहिती जपावयाची आणि धोकाही झाकावयाचा नाही, ही तारेवरची कसरत आहे. येथे बरा होऊन घरी जाताना आभार मानणारा कोणी नसतो. जो अपघात घडलाच नाही, त्याचे आभार कोण मानणार?

जे घडले ते मात्र विसरता येत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी तुआसमधील एका कारखान्यात स्फोट होऊन तीन कामगार मृत्युमुखी पडले. एक भारतीय, दोघे बांगलादेशी. यंत्राने आधीच धोक्याच्या खुणा दिल्या होत्या, असे चौकशीत निष्पन्न झाले. जळालेल्या माणसाच्या खाटेशी परिचारिका हवीच. पण खुणा दिसताच काम थांबवा असे सांगणारी माणसेही हवीत.

बिकूर होलीम, म्हणजे आजाऱ्याच्या भेटीस जाणे, हे पुण्यकर्म आपण जाणतो. परंतु तोरेच्या पाचव्या पुस्तकात, दबारीमच्या २२ व्या अध्यायात आणखी एक आज्ञा आहे: नवे घर बांधाल तेव्हा गच्चीला कठडा करा, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. पडलेल्याला उचलणे आणि कठडा बांधणे, ही दोन्ही कर्तव्येच आहेत.

म्हणून या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींना दोन शब्द. वॉर्डातील अनुभव पदरी भक्कम बांधून मगच निघा. चेहऱ्यावरून दुखणे ओळखण्याची दृष्टी खाटेशीच मिळते. नोंदणी कधीही खंडित होऊ देऊ नका. पाठ दुखते, जागरणे सोसवत नाहीत, असे कारण असेल तर त्याची लाज बाळगू नका. आणि घरातील वडीलधाऱ्यांना विनंती, की अशा मुलीला ‘नर्सिंग का सोडलेस?’ असे विचारू नये. ‘कोणता कठडा बांधतेस?’ असे विचारावे.