न सुटणारे गाठोडे

प्रवासास निघालेला मनुष्य आपले कपडे चापूनचोपून एका गाठोड्यात बांधतो. संगणकाचा एखादा प्रोग्राम इंटरनेटवरून पाठवावयाचा असतो, तेव्हाही असेच करतात. त्यातील अनेक फायली दाबून त्यांची एकच फाइल बनवितात. अशा फायलींचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे ‘झिप’ होय. फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रामरने तो १९८९ साली प्रचारात आणला.

फाइल दाबण्याची युक्ती मोठी मजेदार आहे. एखाद्या निबंधात ‘महाराष्ट्र’ हा शब्द वीस वेळा आला असेल, तर तो पुनःपुन्हा न लिहिता ‘मागील अमुक ठिकाणचा शब्द येथे घ्यावा’ अशी लहानशी खूण केली जाते. त्यामुळे जागा वाचते. परंतु मूळ शब्दातील एक अक्षर बिघडले, तर त्यावर विसंबलेली पुढील ठिकाणेही बिघडतात.

कधी कधी डाउनलोड केलेले हे गाठोडे काही केल्या सुटत नाही. ‘फाइल सदोष आहे’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर झळकते. उतावळा मनुष्य अशा वेळी पुनःपुन्हा बटण दाबीत राहतो. विचारी मनुष्य कारण शोधू लागतो.

प्रथम तो फाइलीचा आकार पाहतो. झिपमध्ये कोणकोणत्या फायली आहेत, याची यादी तिच्या अगदी शेवटी असते. डाउनलोड मध्येच तुटले, तर ही यादी येतच नाही. मूळ फाइल ४० मेगाबाइटची असून हाती ३१ मेगाबाइटच आले असतील, तर ती पुन्हा संपूर्ण उतरवून घेणे हाच उपाय होय.

आकार जुळला, तर फाइलीचा प्रकार पाहावा. नावात ‘झिप’ असले म्हणजे फाइल झिपच असते, असे नाही. खऱ्या झिप फाइलीचा आरंभ बहुधा ‘पी’ आणि ‘के’ या इंग्रजी अक्षरांनी होतो. ती ‘फिल कॅट्झ’ या नावाची आद्याक्षरे आहेत. फाइल अन्य प्रकारची असेल, तर ती उघडणारा प्रोग्रामही वेगळा लागतो. शिवाय उलगडलेल्या फायली मावतील एवढी मोकळी जागा संगणकात हवी.

शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे. पुष्कळ प्रकाशक फाइलीबरोबर ६४ चिन्हांची एक ओळ देतात. तिला ‘एसएचए-२५६’ म्हणतात. आपल्याकडील फाइलीवरून संगणक तशीच ओळ काढून देतो. फाइलीत एका अक्षराचा जरी फरक पडला, तरी ही ओळ पार बदलते. दोन्ही ओळी जुळल्या नाहीत, तर फाइल वाटेत बिघडली आहे, किंवा कोणी तरी तीत फेरफार केला आहे, असे समजावे. असा प्रोग्राम खटपटीने उलगडला, तरी तो चालवू नये. त्यापासून संगणकातील माहितीस अपाय होऊ शकतो.

दोरीची गाठ ओढल्याने अधिकच घट्ट बसते. ती कोठे अडकली आहे हे पाहिले, म्हणजे सुटते. संगणकाच्या गाठोड्याचेही तसेच आहे.