एल्गार महोत्सव (१९०४)

एल्गार महोत्सव हा इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या सन्मानार्थ १४ ते १६ मार्च १९०४ या काळात लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात झालेला संगीत महोत्सव होय. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदाने तो सादर केला. संचालन मुख्यतः हान्स रिख्टर यांचे होते. हयात इंग्लिश संगीतकाराच्याच रचनांना वाहिलेला एवढा मोठा सोहळा इंग्लंडमध्ये तोवर झाला नव्हता. (मराठीतील ‘एल्गार’ या शब्दाशी या आडनावाचा संबंध नाही.)

पार्श्वभूमी

एल्गार यांचे वडील वुस्टर येथे वाद्यांचे दुकान चालवीत व पियानो सुरात लावून देत. संगीत विद्यालयातील रीतसर शिक्षण एल्गार यांना लाभले नाही. चाळिशी उलटल्यावर, १८९९ मध्ये, ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’मुळे त्यांचे नाव झाले. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅम येथे ‘द ड्रीम ऑफ जेरॉन्शियस’ या समूहगानप्रधान कृतीचा पहिला प्रयोग अपुऱ्या तालमींमुळे फसला. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे १९०१ व १९०२ साली ती वाखाणली गेली, तेव्हा कुठे इंग्लंडने तिच्याकडे पुन्हा वळून पाहिले. घरच्या गुणवंताला बाहेरची पावती लागते, हा प्रकार आपल्याकडेही अपरिचित नाही.

कार्यक्रम

पहिल्या दिवशी हीच ‘जेरॉन्शियस’ आणि दुसऱ्या दिवशी ‘द अपॉसल्स’ सादर झाली. या दोन्ही दिवशी राजे सातवे एडवर्ड व राणी अलेक्झांड्रा उपस्थित होते.

तिसरा दिवस वाद्यवृंदाचा होता. त्यासाठी एल्गार यांच्याकडून सिंफनीची अपेक्षा होती. ती लिहिण्याच्या उद्देशाने ते हिवाळ्यात इटलीतील अलासिओ या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिले. परंतु हवा थंड व पावसाळी निघाली आणि सिंफनी काही आकाराला येईना. तिच्याऐवजी ‘इन द साउथ’ हे सुमारे २० मिनिटांचे ओव्हर्चर तयार झाले. ओव्हर्चर म्हणजे एरवी ऑपेराच्या आरंभीचे वाद्यसंगीत. ही मात्र स्वतंत्र मैफलीसाठीची रचना आहे. प्राचीन रोमन अवशेष पाहून सुचलेला भारदस्त भाग आणि त्यानंतर एकट्या व्हायोलावर येणारी हळुवार धून ही तिची खास स्थळे. ही धून लोकगीतासारखी भासते, पण ती एल्गार यांचीच आहे. स्वरलिपी फेब्रुवारीअखेरीस पूर्ण झाल्याने रिख्टर यांना अभ्यासाला अवधी उरला नाही. त्यामुळे १६ मार्चला एल्गार यांनी स्वतःच तिचे संचालन केले.

त्यानंतर

जुलै १९०४ मध्ये एल्गार यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्यांची पहिली सिंफनी ३ डिसेंबर १९०८ रोजी मँचेस्टर येथे प्रथम वाजली. वाद्यवृंद हॅलेच होता आणि संचालक रिख्टर. सिंफनी अर्पणही त्यांनाच केलेली आहे.