परसातली भाजी आणि कामगाराचे घर

युनियनच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून माठ आणि भेंडी यांवर बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने कार्यक्रमपत्रिका पाहून विचारलेच, "काय हो, लढा संपला वाटतं? आता वाफे ओढणार?" त्यांना त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही. ते आता देतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमचे वडील त्यांतलेच एक, साचेखात्यात होते. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. फेब्रुवारीत खोली एका नातेवाइकावर सोपवून सारे घर कोकणात गावी गेले. तांदूळ उधारीवर मिळत होता, वाणी तेलमीठही काही दिवस देत होता. भाजी मात्र उधार मागता येत नाही. भाजीवालीचे स्वतःचेच पोट रोजच्या विक्रीवर असते. तिच्यापुढे उधारीची गोष्ट काढायला तोंड होत नाही. तेव्हा आईने घरामागच्या जागेत आठ वाफे घातले, आणि पाडव्याला आमच्या पानात घरचा लाल माठ होता.

वसंतातली परसबाग ही पावसाळ्यातल्या परसबागेहून वेगळी असते, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. पावसाळ्यात उगवण्याला कष्ट नाहीत, टिकवण्याला आहेत. चैत्र-वैशाखात कीड व तण त्या मानाने कमी, ऊन भरपूर, आणि प्रश्न एकच: पाणी. त्याचा हिशेब सोपा आहे व तो प्रत्येकाने मांडावा. भर उन्हाळ्यात पिकाखालच्या जमिनीतून दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडून जाते. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. सव्वा मीटर रुंद व चार मीटर लांब वाफा म्हणजे पाच चौरस मीटर, त्याला रोज पंचवीस लिटर. असे आठ वाफे म्हणजे दोनशे लिटर, दहा लिटरच्या वीस कळश्या. त्या वीस कळश्या विहिरीवरून कोणी आणल्या? आईने आणि थोरल्या बहिणीने. वडील त्या वेळी पारावर बसून मुंबईच्या बातमीची वाट पाहत. पुढे कामगार चळवळीत श्रमाच्या मोलावर आम्ही पुष्कळ भाषणे केली, पण त्या वीस कळश्यांचा हिशेब करायला आम्हांला चाळिशी यावी लागली.

पाणी वाचवण्याचे उपाय आहेत. वाफ्यावर वाळका पाला किंवा गवत दोन-तीन बोटे जाड पसरावे. माती तापत नाही आणि ओल टिकते. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर द्यावे. पश्चिमेच्या बाजूस नारळाच्या झावळ्यांचा आडोसा करावा. आणि मोरीचे पाणी वाया घालवू नये. कोकणात मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ लावतात, ती रीत शहाणपणाची आहे. मात्र धुण्याच्या सोड्याचे व कडक साबणाचे पाणी पालेभाजीला देऊ नये.

काय लावावे? ज्याच्या हातात थोडे दिवस आणि थोडे पाणी आहे, त्याने लाल माठ. बी मोहरीहूनही बारीक असते, मुठीने टाकले तर एका जागी ढीग पडतो. म्हणून ते चाळलेल्या मातीत किंवा राखेत मिसळून फोकावे, वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा, आणि पाणी तांब्याने न ओतता हाताने शिंपडावे. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात, महिन्याच्या आत भाजी पानात येते. सगळा वाफा एकदम पेरू नये; दर आठवड्याला हातभर पेरला म्हणजे दर आठवड्याला भाजी निघते. भेंडीचे बी रात्रभर भिजवून लावावे. दीड महिन्याने ती धरू लागते, मग एक दिवसाआड तोडलीच पाहिजे, नाहीतर शेंग लाकूड होते. गवार उन्हाला भीत नाही. दुधी, दोडका यांना मांडव लागतो. तोंडलीचा वेल मात्र बियाने न लावता कांडीने लावावा, तो पुढे वर्षानुवर्षे फळ देतो.

ज्यांना परस नाही, त्यांचे काय? आज कामगार बहुतेक असाच आहे. त्यांना मुंबई बंदराचे उदाहरण सांगतो. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर, कामगारांच्या जेवणातून निघणारा ओला कचरा कुजवून, या शतकाच्या आरंभी बाग उभी राहिली. या रीतीमागे श्रीपाद अ. दाभोलकर यांच्या 'प्रयोग परिवारा'ची शिकवण होती. नोकरदारांच्या खानावळीतला कचरा गच्चीवर चढला आणि भाजी होऊन उतरला, ही आम्हांला फार समाधानाची गोष्ट वाटते. चाळीच्या गॅलरीतही, चार तास ऊन येत असेल तर, वीतभर खोल खोक्यात माठ होतो. भेंडी-मिरचीला सहा तास ऊन आणि हातभर खोल माती हवी. त्याहून कमी ऊन असेल तर पुदिना लावावा व समाधान मानावे.

आता चुलीकडे वळू. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर तिचे सत्त्व मोरीत जाते. तेलावर कांदा व हिरवी मिरची परतून माठ टाकावा, पाणी घालू नये, त्याचे त्याला पुरते. शेवटी ओले खोबरे. वैशाखात फणस पिकला की आई आठळ्या उकडून, सोलून, ठेचून त्यात घाली; त्या दिवशी भाजीने पोट भरे. संपाच्या दिवसांत ही गोष्ट लहान नव्हती. माठ जून झाला तरी फेकायचा नाही, जाड देठ सोलून सुकटीबरोबर शिजवायचे. मुळ्याचा पाला मुगाच्या डाळीत, दोडक्याच्या शिरांची तिळाबरोबर चटणी. पानात लोह असते, पण ते अंगी लागायला आंबट लागते, म्हणून चैत्रात शेजारी कैरीची फोड हवीच. अळवालाही आंबट हवे. त्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खाजतो तो त्यांनी. चिंच किंवा आमसूल घालून अळू नीट शिजवावे. आणि एक गोष्ट कधी विसरू नये. दुधी चिरला की टोकाचा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर सबंध फेकून द्यावा, कितीही जीव हळहळला तरी. त्यातले कुकुर्बिटासिन विषारी असते व शिजवून जात नाही.

आता आमच्या सहकाऱ्याचे उत्तर. भाजी लावून संप जिंकता येत नाही. १९८२ चा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, लाखावर कामगार परत कामावर गेले नाहीत, आणि आमच्या वडिलांचेही साचे सुटले ते सुटलेच. पण त्या उन्हाळ्यात घरातल्या कोणी वडिलांना "जा, काहीही करून हजर व्हा" असे म्हटले नाही, याला ते आठ वाफे थोडेसे कारण होते, असे आम्हांस वाटते.

उलट बाजूही आम्ही पाहिली आहे. एका कारखान्यात महागाई भत्त्याची बोलणी चालली होती. भाज्यांचे भाव आम्ही वाचून दाखवले. समोरचे अधिकारी हसून म्हणाले, "तुमची माणसं तर वसाहतीत भाजी लावतात. मग या महागाईचं त्यांना काय?" आम्ही म्हटले, "साहेब, मग रोजच्या वीस कळश्या पाण्याची मजुरीही कागदावर मांडा, आणि ती कोणाच्या नावे जमा करायची तेही सांगा." त्यांनी विषय बदलला. परसातली भाजी ही पगारातून वजा करण्याची रक्कम नव्हे, आणि घरच्या बाईला फुकटात लावलेले आणखी एक कामही नव्हे. वाफा घालायचा तर कळशी घरातल्या प्रत्येकाने उचलली पाहिजे. आमच्या घरी आता संध्याकाळचे पाणी आमच्याकडे आहे, सभा असली तरी.

राहता राहिले बी. वेलावरचा पहिला निरोगी दोडका आणि भेंडीच्या चांगल्या चार शेंगा तोडू नयेत, झाडावरच वाळू द्याव्यात. माठाचे एक रोप तुऱ्यावर येऊ द्यावे. जूनचा पाऊस पडण्याआधी हे सारे उतरवून, बी काढून, राखेत घोळवून कोरड्या डब्यात ठेवावे. आई ते वाळक्या दुधीच्या पोकळ भोपळ्यात भरून चुलीवर टांगत असे. गाव सोडून मुंबईला परतताना तिने तो भोपळा शेजारणीकडे दिला.