नीलकंठाचें पीस

नीलकंठाचें गळून पडलेलें निळें पीस खलांत बारीक कुटलें, तर मळकट तपकिरी पूड उरते. कारण त्यांत निळें रंगद्रव्य मुळीं नसतेंच. पिसाच्या तंतूंतील अतिसूक्ष्म पोकळ्या प्रकाशाचा निळा अंश तेवढा परत फिरवितात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९३४ सालीं याच पक्ष्याच्या पिसांचा विचार केला होता.

केसांप्रमाणें पीसहि कातडींतून उगवतें व पूर्ण वाढल्यावर निर्जीव होतें. त्याचे तंतू बारीक आकड्यांनीं एकमेकांस धरून असतात. ते विस्कटले तर पक्षी चोंचीनें पुन्हा जुळवितो. छाटलेलें पीस मात्र वाढत नाहीं. तें गळून नवें यावें लागतें. विजयादशमीच्या दर्शनासाठीं कांहीं ठिकाणीं नीलकंठास पकडून त्याचे पंख छाटतात. पुढें सोडला तरी नवीं पिसें येईपर्यंत तो भुईवरच राहतो, आणि मांजराला तेवढा अवधि पुरतो.